विषय : ओट्सचा मफिन आणि सकाळची गाडी

चहा घ्या. प्रकरण जरा लांबचं आहे आणि मला ते अर्धवट सांगायचं नाही.

मुद्दा सकाळच्या नाश्त्याचा आहे. पोहे, उपमा, थालीपीठ यांच्याविरुद्ध माझी काहीही तक्रार नाही, हे आधीच नोंदवून ठेवतो. ते बशीत येतात, बसून खायला लावतात, आणि पहिल्यापासून तसं उघड सांगत आले आहेत. त्यांनी कोणालाही खोटी आशा दाखवलेली नाही. माझी तक्रार आहे ती फळं आणि ओट्स घालून बेक केलेल्या त्या मफिनविरुद्ध, ज्याची ओळखच 'ग्रॅब अँड गो' अशी करून दिली जाते. रविवारी एकदा बेक करा, पुढे आठवडाभर रोज सकाळी एक उचला आणि निघा. पौष्टिक, बिनसाखरेचा, चालता चालता खाता येणारा. डोंबिवलीहून रोज सकाळी फास्ट गाडी पकडणाऱ्या माणसाला इतकं मोठं आश्वासन सहसा कोणी देत नाही. ते मोडलं की म्हणूनच मनाला लागतं.

पहिली गोष्ट वेळेची. कृतीच्या डोक्यावर 'एकूण वेळ : ३५ मिनिटं' असं लिहिलेलं असतं. या ३५ मिनिटांत ओटीजी आधी दहा मिनिटं तापवायचा असतो ते धरलेलं नाही. खाण्याच्या सोड्याची डबी शोधणं धरलेलं नाही. मफिन निवायला लागणारा वेळ नाही, आणि भांडी तर कोणीच कधी धरत नाही. पंधराशे वॅटचा ओटीजी तासभर चालवला की दीड युनिटच्या आसपास वीज जाते, तिचाही उल्लेख नाही. सोमवार ते शुक्रवारच्या सकाळी वाचवतो म्हणून सांगायचं आणि त्या बदल्यात रविवारची अख्खी संध्याकाळ घेऊन जायची, ही मला सरळसरळ दिशाभूल वाटते.

मग केळी. कृतीत 'तीन मध्यम, खूप पिकलेली केळी' असतात. अमेरिकी हिशेबात मध्यम केळं म्हणजे सोललेलं ११८ ग्रॅमच्या आसपास. जळगावची ग्रँड नैन जातीची केळी या मापाच्या जवळ येतात. पण आमच्याकडे नैवेद्यापासून शिकरणापर्यंत सगळं वेलची केळ्यावर चालतं, आणि ते सोललं की तळहातावर दोन बसतात. म्हणजे तीनचे सहा-सात झाले. तेही चालेल, पण 'खूप पिकलेली' या अटीचं काय करायचं? सालीवर काळे ठिपके आले की केळ्यातल्या स्टार्चची बरीचशी साखर झालेली असते आणि वेगळा गोडवा घालावा लागत नाही. शास्त्र बरोबर आहे. फक्त आमच्या घरात कोणतंही केळं त्या वयापर्यंत जगत नाही. गुरुवारी हिरवट आणलेली फणी शुक्रवारी पिवळी होते आणि शनिवारी दुपारी तिचं शिकरण होतं. रविवारसाठी केळी राखून ठेवायची तर ती पिठाच्या डब्यामागे दडवावी लागतात, मग चिलटं येतात, आणि चिलटं आली की घरात चौकशी सुरू होते. पौष्टिक नाश्त्याची सुरुवात लपवालपवीने व्हावी, हे कोणत्याही सभ्य कुटुंबाला शोभणारं नाही.

मापांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण हा विषय काढला की माझा आवाज चढतो. अमेरिकी कप २४० मिलिलिटरचा, मेट्रिक कप २५० चा, जपानमधला २०० चा. मोठा चमचा बहुतेक ठिकाणी १५ मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियात २० चा. आणि कृती लिहिणारा नुसतं 'दोन कप ओट्स' लिहून मोकळा! ग्रॅममध्ये लिहायला किती शाई लागते? माझी आई सगळा स्वयंपाक एका वाटीनं मोजते. त्या वाटीत किती मावतं हे तिलाही ठाऊक नाही, पण रवा, साखर, पाणी सगळं त्याच वाटीचं असल्यामुळे प्रमाण चुकत नाही. तिची वाटी प्रामाणिक आहे. कप नाही.

आता बारा खळग्यांचा साचा. प्रत्येक कृती बारा मफिनची असते. आमचा ओटीजी २८ लिटरचा आहे आणि बारा खळग्यांचा साचा त्यात उभाही जात नाही, आडवाही जात नाही. सहा खळग्यांचा जातो. म्हणजे दोन घाणे. पण मिश्रणात सोडा पडून त्याची गाठ दह्याशी किंवा केळ्यातल्या आंबटपणाशी पडली की वायू तेव्हाच सुटायला लागतो. पहिला घाणा भाजून निघेपर्यंत पंचवीस मिनिटं जातात. तेवढ्यात दुसऱ्या घाण्याच्या वाट्याचा वायू उडून गेलेला असतो आणि ओट्सनी उरलंसुरलं पाणी पिऊन टाकलेलं असतं. पहिले सहा फुगून, माथ्याला तडा जाऊन, दिमाखात बाहेर येतात. दुसरे सहा बसके आणि घट्ट. एकाच पातेल्यातून निघालेल्या भावंडांमध्ये असा दुजाभाव. आमची मुलगी न चुकता पहिल्या घाण्यातला उचलते. दुसऱ्या घाण्यातले माझ्यासाठी उरतात, आणि 'तुम्हाला काय, तुम्ही गाडीतच खाता' असं त्यावर समर्थन दिलं जातं.

भांड्यांचाही विषय घ्यायलाच हवा. ओट्समध्ये बीटा-ग्लुकन नावाचा विद्राव्य तंतू असतो. पाण्यात तो चिकट होतो, आणि त्याच चिकटपणामुळे कोलेस्टेरॉल कमी व्हायला मदत होते. ही कीर्ती खरी आहे. पण तोच तंतू केळ्याच्या लगद्याबरोबर पातेल्याच्या कडेला रात्रभर वाळला की त्याचं जे काही होतं, त्याबद्दल आरोग्यावर लिहिणारे गप्प असतात. सोमवारी सकाळी भांडी घासणाऱ्या मावशींनी ते पातेलं नखानं खरवडून पाहिलं, उजेडात धरलं आणि विचारलं, "दादा, हे घासायचं का फोडायचं?" त्यांचा प्रश्न रास्त होता.

पुढचा टप्पा साठवणुकीचा. ताजं फळ घातलेला मफिन पावसाळी हवेत बाहेर ठेवला तर तिसऱ्या दिवशी त्याच्यावर बुरशी येते. सफरचंदात ८५ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, स्ट्रॉबेरीत ९० टक्क्यांच्या आसपास, ते कुठे जाणार? बरं, फ्रीजमध्ये ठेवावा, तर भाजलेल्या पदार्थातला स्टार्च थंडीत पुन्हा कडक होतो, आणि फ्रीजच्या चार-पाच अंशांना हे काम बाहेरच्यापेक्षा लवकर उरकतं. उरला फ्रीजर. फ्रीजरमध्ये मफिन खरोखरच चांगला राहतो, यात वाद नाही. पण आमच्या फ्रीजरचा ताबा सौ.कडे आहे. तिथे खोवलेला नारळ आहे, सोललेले वाल आहेत, आणि जानेवारीत स्वस्त मिळाले म्हणून भरून ठेवलेले मटार आहेत. मी जागेसाठी विनंती केली. "मटार संपले की बघू," असं उत्तर मिळालं. मटार आहेत तसेच आहेत. समजा उद्या जागा मिळालीही, तरी गोठलेला मफिन सकाळी बाहेर काढा, मायक्रोवेव्हमध्ये फिरवा, आतून चटका बसेल म्हणून थांबा आणि मग निघा. या सगळ्यात 'उचला' कुठे राहिलं?

हेही मी सोसलं असतं. पण खरा अन्याय गाडीत होतो.

मुंबईच्या लोकलमधली ऐन वेळेची गर्दी सांगताना एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ उभी माणसं असा आकडा वापरला जातो. त्या सोळांपैकी एक मी. डावा हात वर, कडीला. उजव्या हातात मफिन, कागदी वाटीत बसलेला. ही कागदी वाटी नीट बघा, कारण सगळं प्रकरण तिच्यापाशी येऊन थांबतं. नेहमीच्या केकमध्ये भरपूर लोणी किंवा तेल असतं. त्यामुळे कागद आणि केक यांच्यात तेलाचा पातळ थर राहतो आणि कागद सालीसारखा निघतो. पौष्टिक मफिनमध्ये तेल कमी केलेलं असतं, काही कृतींत तर अजिबातच नसतं. मग तो कागदाला गच्च धरून बसतो. कागद ओढावा तर त्याच्या चुण्यांचा ठसा घेऊन मफिनची एक तृतीयांश भिंत कागदाबरोबर जाते. ओट्समध्ये गव्हासारखं ग्लुटेन नसतं, त्यामुळे आतून धरून ठेवणारं जाळंही नाही. भिंत गेली की गाभा ढासळतो. आणि हे सगळं एका हातानं करायचं आहे. दुसरा हात कडीवरून काढायची सोय नाही, म्हणून कागद दातांनी सोलायचा. डोंबिवली ते ठाणे माझ्या जिभेवर कागद आहे की ओट्स, याचा निवाडा करण्यात जातं.

मुंब्र्याच्या वळणावर गाडी हलली आणि केळ्याचा एक ओलसर तुकडा शेजारच्या गृहस्थांच्या शर्टावर पडला. पांढरा शर्ट, कडक इस्त्रीचा. मी माफी मागितली. त्यांनी रुमाल काढला, डाग पुसला, तो आणखी पसरला, आणि कुर्ल्यापर्यंत ते माझ्या हातातल्या कागदाकडे बघत राहिले. एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर मी त्यांना सांगितलं असतं की आपण दोघे एकाच बाजूला आहोत. तो ओला कागद टाकायला गाडीत जागा नसते. तो खिशात जातो. खिशात पास असतो. माझ्या पासाच्या कोपऱ्याला आता वेलची आणि केळ्याचा वास येतो, आणि पास महिनाअखेरपर्यंत चालवायचा आहे.

इतकं करून पोटात काय गेलं, ते एकदा कागदावर मांडू. नेहमीच्या कृतीत बारा मफिनसाठी दोन कप ओट्स असतात. दोन कप म्हणजे १६० ग्रॅमच्या आसपास. एका मफिनच्या वाट्याला आले १३ ग्रॅम. ओट्समध्ये बीटा-ग्लुकन साधारण ४ टक्के, म्हणजे एका मफिनमध्ये जेमतेम अर्धा ग्रॅम. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनानं १९९७ साली ओट्सच्या पाकिटांवर हृदयाला हितकर असल्याचा दावा छापायला परवानगी दिली, ती दिवसाला ३ ग्रॅम बीटा-ग्लुकनच्या हिशेबानं. ३ ग्रॅमसाठी मी दिवसाला सहा मफिन खायला हवेत. सहा! सहा कागद!

आणि त्या सहांबरोबर आणखी काय येतं? वर 'नो शुगर' लिहिलेलं असतं आणि साहित्यात अर्धा कप मध असतो. अर्धा अमेरिकी कप मध म्हणजे १७० ग्रॅमच्या आसपास, आणि त्यातली १४० ग्रॅमच्या जवळपास साखरच. बारांत वाटली तर मफिनमागे साडेअकरा ग्रॅमच्या वर. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली प्रौढांसाठी जी अधिक चांगली मर्यादा सुचवली, ती दिवसाला साधारण २५ ग्रॅमची आहे, आणि त्या मोजणीत मधही धरलेला आहे. म्हणजे दोन मफिनमध्ये दिवसाचा कोटा जवळजवळ संपला. अजून दुपारचा चहा व्हायचा आहे, संध्याकाळचा चहा व्हायचा आहे, आणि कार्यालयात कोणाच्या तरी मुलाचा निकाल लागलेला आहे. मधाऐवजी गूळ घातला म्हणून सुटका होत नाही. गुळातही बहुतांश साखरच असते. मला गोड आवडतं. पण साखर घालायची तर साखर म्हणून घाला आणि तसं लिहा.

आमच्याकडे हा प्रश्न फार पूर्वी सुटलेला होता, म्हणून तर जास्त वाईट वाटतं. प्रवासाला निघणाऱ्यासाठी दशमी करायचे. कणीक पाण्याऐवजी दुधात भिजवायची, की पोळी मऊ राहते आणि टिकते; गुंडाळी करून हातात धरली की झालं. वसईकडे राजेळी केळी उन्हात वाळवून सुकेळी करतात : साखर नाही, सोडा नाही, कागद सोलणं नाही, आणि खिशात ठेवली तरी पास सुरक्षित. कोकणात आणि गोव्यात तर तवसाळी आहे. मोठी काकडी किसायची, तांदळाचा रवा, गूळ, खोबरं घालायचं, खाली आच आणि झाकणावर निखारे ठेवून भाजायचं, निवल्यावर वड्या पाडायच्या. धान्य आहे, फळ आहे, वरून खालून भाजणं आहे, आणि वडी हातात धरून खाता येते. ओटीजी कोणाला माहीतही नव्हता तेव्हापासूनची ही व्यवस्था. तिच्यात एक गोष्ट फार शहाणपणाची आहे : पदार्थ एका मोठ्या भांड्यात भाजायचा आणि पूर्ण निवल्यावरच कापायचा.

तेवढाच धागा धरून मी मफिनचा साचा कायमचा माळ्यावर टाकला आणि वड्यांवर आलो. कृती ग्रॅममध्ये देतो, म्हणजे तुमच्यावर कपांच्या गोंधळाची वेळ येऊ नये. जाड रोल्ड ओट्स २५० ग्रॅम. झटपटवाले नकोत, त्यांचा लगदा होतो. स्टील-कटही नकोत, ते दाताखाली येतात. त्यातले निम्मे मिक्सरवर भरड करून घ्या, निम्मे तसेच ठेवा. पिकलेल्या केळ्यांचा लगदा ३०० ग्रॅम, केळं कोणत्याही जातीचं असो. भाजलेल्या शेंगदाण्यांचं जाडसर कूट १०० ग्रॅम, बेदाणे ७५ ग्रॅम, जवसाची पूड १५ मिलिलिटरचे दोन मोठे चमचे, वेलची, चिमूटभर मीठ. सोडा नाही, मध नाही, गूळ नाही. जवस ओला झाला की चिकट होतो आणि ग्लुटेनचं काम अंगावर घेतो. म्हणून सगळं कालवून पंधरा मिनिटं झाकून ठेवा. आठ इंची चौकोनी ट्रेला तळापासून कडांपर्यंत बटर पेपर लावा, मिश्रण ओता आणि वाटीच्या बुडानं घट्ट दाबा. हे दाबणं मनापासून करा, सगळी ताकद इथेच येते. १७५ अंशांवर पस्तीस मिनिटं, वरून तांबूस होईपर्यंत. मग हात लावायचा नाही. गरम असताना कापली तर भुगा होतो. रात्रभर निवू द्या, सकाळी बटर पेपरसकट उचला आणि दहा वड्या पाडा. पेपर इथे घरीच निघतो, गाडीत येत नाही.

वडीमागे २५ ग्रॅम ओट्स आले, म्हणजे मफिनच्या जवळजवळ दुप्पट. बीटा-ग्लुकन एक ग्रॅमच्या आसपास. घाणा एकच, त्यामुळे पहिला-दुसरा हा भेदभाव नाही. दाट असल्यामुळे फ्रीजमध्ये थोडी कडक होते, पण त्यानं ती आणखी चांगली धरता येते, आणि मटारांना धक्का लागत नाही. मी ती एका हातात घेऊन मुंब्र्याच्या वळणावरून गेलो. एक कण पडला नाही. पांढऱ्या शर्टाचे गृहस्थ त्या दिवशीही होते. ते थोडे सरकून उभे राहिले, पण सरकायची गरज नव्हती.

इथे प्रकरण मिटायला हवं होतं. पण वडी नीट झाली तसा पुढचा प्रश्न निर्माण झाला. मफिनला घरात मी आणि मुलगी सोडून कोणी हात लावत नव्हतं. वडीला सगळे लावतात. दहा वड्या म्हणजे मी आणि मुलगी, दोघांना सोमवार ते शुक्रवार रोज एकेक, असा सरळ हिशेब होता. आई म्हणाली, "बरी झाल्येत रे, तवसाळीसारखी लागतात," आणि चहाबरोबर दोन घेतल्या. सौ.नं दुपारी अर्धी घेतली, मग उरलेली अर्धी वाया जाऊ नये म्हणून तीही घेतली. तेव्हा मी डब्याच्या झाकणावर वाटपाचा तक्ता चिकटवला : वार, नाव, वड्यांची संख्या, शिल्लक. खाली सहीसाठी जागाही ठेवली. हे घरात सगळ्यांना वाचून दाखवलं आणि कोणी हरकत नोंदवली नाही.

गुरुवारी सकाळी डबा उघडला तर माझ्या नावासमोर एक वडी आणि डब्यात शून्य. संध्याकाळी मुलीला विचारलं. ती म्हणाली, "बाबा, तक्ता वाचत बसले असते तर बस गेली असती. तुम्हीच म्हणता ना, उचलायचं आणि निघायचं?"

तिचं म्हणणं नियमाला धरून आहे. मी दोनदा तपासून पाहिलं. त्या गुरुवारी मी स्टेशनबाहेर वडापाव घेतला. तो एका हातात बसतो आणि कागदाला चिकटत नाही.